चौथी शिकलेल्या आईनं आठवीतल्या मुलाचा अभ्यास कसा बघावा?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. ते तुम्ही सांगितलंत आणि मुलीनं लिहिलं, असं खाली दिसतं. तिच्याबद्दल मला बोलायचं आहे, पण आधी तुमच्या प्रश्नाकडे येते.

इतर वाचकांसाठी पत्राचा मजकूर थोडक्यात सांगते. ताई यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतात. सहा एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. त्या चौथी शिकल्या, घरधनी सहीपुरते. मुलगा आठवीत, जवळच्या मोठ्या गावातल्या अनुदानित शाळेत. मुलगी सहावीत, गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत. पहिल्या घटक चाचणीत मुलाला गणितात २० पैकी ४ आणि इंग्रजीत ६ मिळाले. तेव्हापासून भासरे, म्हणजे ताईंचे मोठे दीर, म्हणतात, त्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत टाका, होस्टेलला ठेवा. वर्षाला चाळीस हजार लागतील, म्हणजे यंदाच्या कापसातून हाती उरेल त्यातला मोठा भाग गेला. ताईंनी शेवटी लिहिलंय, ‘आमीच शिकलो नाही, त लेकराले काय शिकवू? तुमीच सांगा, याले कोणत्या लाईनले टाकू.’

ताई, लाईनचं शेवटी बघू. त्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाका. घरी तुम्ही त्याला शिकवावं, अशी अपेक्षाच नाही. शिकवायला शाळा आहे, सर आहेत. घरानं करायची कामं वेगळी असतात आणि त्यांना चौथी पुरून उरते. तो वाचतो ते ऐकायचं, वाचलेलं त्याच्याकडून समजावून घ्यायचं आणि त्याचे शाळेचे दिवस व अभ्यासाचा वेळ मोडू द्यायचा नाही. शेवटचं काम सगळ्यात कठीण आहे. कापूस फुटला की त्याचा कस लागतो.

पण आधी तो नेमका कुठं अडतो, ते शोधू. २० पैकी ४ मिळाले म्हणजे आठवीचं गणित येत नाही, असं तुम्हाला वाटतं. बहुतेक वेळा अडलेलं असतं पाचवी-सहावीतलं काहीतरी, आणि ते न कळताच पोरगं तीन वर्ग पुढं आलेलं असतं. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. तिची माणसं गावोगावी घरी जातात आणि लेकराला एक कागद वाचायला देतात. त्यावर अक्षरं असतात, शब्द असतात, पहिलीच्या पातळीचा एक परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट असते. गणितात दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. पोरगं तिसरीत असो की आठवीत, कागद तोच. त्यातून मुलाचा वर्ग कोणता ते कळत नाही, पण त्याला काय येतं ते लगेच कळतं.

हे तुम्हाला घरी करता येईल. मुलीचं जुनं दुसरी-तिसरीचं पुस्तक असेल तर काढा. मुलाला एक धडा मोठ्यानं वाचायला सांगा. न अडखळता वाचला, तर वाचनाची काळजी सोडा. मग वहीवर ८४७ भागिले ६ करायला सांगा. उत्तर बरोबर आहे का, हे तुम्हाला ठाऊक असायची गरज नाही. त्याला म्हणा, ‘उलटं करून दाखव.’ त्याला १४१ उत्तर आलं आणि बाकी १ उरली, तर १४१ गुणिले ६ म्हणजे ८४६, त्यात उरलेला १ मिळवला की ८४७. जुळलं, तर भागाकार येतो. नाही जुळलं, तर त्याचे ४ मार्क कुठून आले, ते तुमच्यासमोर आलं. मग दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सरांना एवढंच सांगा, ‘सर, भागाकारात अडतो, अपूर्णांकाचंही एकदा बघा.’ ‘पोरगं कच्चं आहे’ असं सांगितलं तर सर मान हलवतील. नेमकं सांगितलं तर त्यांना काय करायचं ते कळतं. माझ्या अनुभवात असं सांगणाऱ्या आईला सर उभं ठेवत नाहीत.

आता रोजचं. संध्याकाळी तुम्ही भाकरी थापता तेव्हा त्याला चुलीपाशी बसवा आणि विज्ञानाचं नाहीतर इतिहासाचं एक पान मोठ्यानं वाचू द्या. वीस मिनिटं पुरेत. भाषा तुमची आहे, त्यामुळे वाक्य कुठं तुटलं, शब्द कुठं गिळला, हे कानाला आपोआप कळतं. तुटलं की म्हणा, ‘पुन्हा वाच.’ पान झालं की पुस्तक मिटायला लावा आणि विचारा, ‘काय होतं त्यात?’ त्याला वऱ्हाडीत सांगू द्या. पुस्तकातल्यासारखं बोल म्हणून अडवू नका. आपल्या बोलीत जे सांगता येतं, ते कळलेलं असतं. पाठ केलेलं असेल, तर तो दोन वाक्यांत संपेल किंवा पुस्तकाचेच शब्द जसेच्या तसे येतील.

मग एखादा प्रश्न विचारा आणि तो तुमच्या कामातला असू द्या. समजा, त्यानं बल आणि दाबाचं पान वाचलं. तुम्ही विचारा, ‘इळ्याले धार लावली की कमी जोरात काहून कापते बापा?’ तो गप्प राहील, धड्यात पुन्हा शोधेल. धार लावली की पात्याची कड बारीक होते, हाताचा तेवढाच जोर कमी जागेवर पडतो, म्हणून दाब वाढतो. हे उत्तर त्याच्या तोंडून यावं. तुम्हाला ठाऊक असलं तरी सांगू नका. त्या दिवशी नाही आलं तर दुसऱ्या दिवशी सरांना विचारून यायला सांगा आणि आठवणीनं विचारा. आई विचारणार आहे, एवढं ठाऊक असलं तरी वर्गात बसायची रीत बदलते.

गणितासाठी घरातली खताची पोती काढा. डीएपीच्या पोत्यावर १८-४६-० छापलेलं असतं. ५० किलोच्या पोत्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, म्हणजे किती किलो? ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. शेकडेवारी आणि दशांश दोन्ही आले त्यात. मग बाप जेवायला बसला की त्यानं पोराला विचारावं, ‘एकराले अर्धं पोतं डीएपी टाकलं, त नत्र किती गेलं?’ हा प्रश्न बापाच्या स्वतःच्या कामाचा आहे. खत वर्षानुवर्षं तोच टाकतो, त्यात काय असतं ते पोराच्या तोंडून त्याला पहिल्यांदा कळेल. अशा वेळी बापाच्या चेहऱ्याकडं बघणारं पोरगं मी पाहिलं आहे. शंभर वेळा ‘अभ्यास कर’ म्हटल्यानं जे होत नाही, ते तिथं होतं.

कापूस वेचायला बाया येतील तेव्हा वजनाची वही मुलीच्या हाती द्या. चौघींचा कापूस ४७, ३९, ५२ आणि ४४ किलो भरला. किलोमागं दहा रुपये धरले तर कुणाला किती, सगळे मिळून किती? १८२ किलो, १८२० रुपये. तिनं तोंडी करावं आणि भावानं वहीत पडताळून बघावं. पण हे संध्याकाळी, शाळेतून आल्यावर.

आता कठीण गोष्ट. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की गेल्या साली वेचणीत मुलाची ‘पंधरा-वीस दिवस शाळा बुडली, पण घरचंच काम होतं’. ताई, माझ्या मते ते ४ मार्क इथून सुरू झाले. गणितात आजचं कालच्यावर उभं असतं. आठवडाभर नसला की परत आल्यावर फळ्यावरचं त्याला कळत नाही, न कळल्यानं तो मागं बसतो, मागं बसल्यानं त्याला कोणी विचारत नाही. दिवाळीनंतर शाळा उघडते आणि बोंडं फुटतात, दोन्ही एकाच वेळी. मजूर मिळत नाही, मिळाला तर भाव परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. अवकाळी आली तर वेचलेला आणि न वेचलेला दोन्ही कापूस भिजतो. त्या दिवसांत घरातले दोन हात जास्त असले तर किती बरं वाटतं, हे विदर्भातल्या कास्तकाराच्या घरात मोठं झालेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तरीही सांगते, शाळेच्या दिवशी त्याला वावरात नेऊ नका. रविवारी न्या, दिवाळीच्या सुट्टीत न्या, तेही सकाळचे दोन-तीन तास. घरच्या कामात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलानं हात लावण्याला कायदाही आडवा येत नाही. घरधन्यांशी हे आत्ताच बोलून ठरवा, बोंडं फुटायच्या आधी. एकदा कापूस पांढरा दिसायला लागला की असा निर्णय होत नाही.

आणि फवारणीच्या दिवशी दोन्ही लेकरं वावरात नको. पाणी आणून द्यायलाही नको. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उजाड झाली, हे तुम्ही जवळून पाहिलं असेल.

आता भासऱ्यांच्या सल्ल्याचं. ते मनापासून सांगताहेत, पण मला तो पटत नाही. ज्याला मराठीतून गणित अडतंय, त्याला आठवीत इंग्रजीतून गणित दिलं तर तो प्रश्नही वाचू शकणार नाही. वर तो घरापासून दूर राहील, संध्याकाळचं चुलीपाशी वाचणं जाईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे, ते उगाच नाही. इंग्रजी विषय कच्चा आहे, तर इंग्रजी विषय पक्का करू. रोज पुस्तकातल्या इंग्रजी धड्याच्या पाच ओळी मोठ्यानं वाचायच्या, त्या वहीत उतरवायच्या, त्यांचा अर्थ तुम्हाला मराठीत सांगायचा. दोन-तीन महिन्यांत फरक दिसेल.

पैशाचा हिशेब तर वेगळाच निघतो. तुमचा मुलगा आठवीत आणि अनुदानित शाळेत आहे, म्हणजे त्याला एनएमएमएस परीक्षेला बसता येईल. आठवीच्या मुलांसाठीची ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. आपल्याकडे तिची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, साधारण डिसेंबरमध्ये. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये, चार वर्षांचे ४८ हजार, थेट मुलाच्या खात्यात. अट अशी की पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत किमान ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५०. आणि शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत टाकला की तो या शिष्यवृत्तीतून बाहेर. म्हणजे चाळीस हजार भरायचे आणि अठ्ठेचाळीस हजारांची संधीही घालवायची.

परीक्षेत दोन पेपर असतात, दोन्ही ९० प्रश्नांचे आणि दीड तासाचे. एक बुद्धिमत्तेचा, दुसरा शाळेतल्या विषयांचा. दुसऱ्यात विज्ञान आणि समाजशास्त्राचे मिळून ७० प्रश्न, गणिताचे फक्त २०. गणितात कच्चा असलेल्या मुलालाही त्यामुळे दम धरता येतो, आणि चुलीपाशी वाचलेली विज्ञानाची, इतिहासाची पानं इथं कामी येतात. तुम्ही कुणबी असल्याचं पत्रात लिहिलंय, तर आणखी एक सांगते. या परीक्षेत उत्तीर्ण झाला पण निवड यादीत नाव आलं नाही, तरी मराठा-कुणबी समाजाच्या मुलांसाठी ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेची वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा आणि विचारा, ‘यंदा एनएमएमएसचे फॉर्म शाळा कधी भरते, माझ्या पोराचं नाव घ्या.’ फॉर्म शाळेमार्फतच जातो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं मुलाचं बँक खातं आत्ताच करून ठेवा. ऐनवेळी सेतू केंद्रावर गर्दी असते आणि वेचणीचा दिवस मोडतो. जुन्या प्रश्नपत्रिका सरांकडे मागा.

निवड होईलच असं मी म्हणत नाही. स्पर्धा मोठी आहे. पण तयारीतलं काहीच वाया जात नाही, कारण तो आठवीचाच अभ्यास आहे.

आता तुमच्या मुलीबद्दल. दोन पानांचं पत्र, खाडाखोड जवळजवळ नाही, तुम्ही बोललात ते तिनं नीट वाक्यात बसवलं आहे. सहावीत हे सोपं नाही. आणि त्या दोन पानांत तिच्याबद्दल एकच ओळ आहे, ‘मुलगी हुशार आहे, घरचं समदं पाहते.’ ताई, मुलगा चुलीपाशी वाचत असताना ती कुठं असते? भांडी घासत असेल, पाणी भरत असेल, तर त्या वीस मिनिटांत तिलाही बसवा. एक दिवस त्यानं वाचावं, एक दिवस तिनं. आणि भांडी दोघांनी वाटून घासावीत. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल दोघंही नेतात ना, मग खरकटं एकटीच्या वाट्याला का?

तुमच्या गावची शाळा सातवीपर्यंत आहे. पुढच्या वर्षानंतर तिला आठवीसाठी बाहेर जावं लागेल आणि त्या वेळी गावात चर्चा सुरू होईल, पोरीला एसटीनं एकटीला कशाला पाठवता. आजच सांगून ठेवते. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल, तर आठवीपासून मुलींना सायकलसाठीही मदत मिळते. शाळेत चौकशी करा. तिच्यासोबत गावातल्या आणखी कोणत्या मुली जाणार, त्यांच्या आयांशी आतापासून बोला. चारजणी एका एसटीनं जायला लागल्या की गाव गप्प बसतं.

मोबाइलबद्दल तुम्ही विचारलंय. मोबाइल घरधन्यांचा आहे, तो त्यांच्याजवळच राहू द्या. मुलाला लागेल तेव्हा सगळ्यांसमोर, ओसरीत, वेळ ठरवून द्या. पुस्तकातल्या धड्यांवर चौकोनी क्यूआर कोड असतात, दीक्षा ॲपमध्ये ते दाखवले की त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात. बालभारतीची पुस्तकंही मोबाइलवर मोफत मिळतात. रात्री गोधडीत मोबाइल जाता कामा नये, मग तो अभ्यासासाठी मागितला तरी. आणि त्या वेळात टीव्हीही बंद, मोठ्यांसाठीसुद्धा.

शाळेत आणखी एक जागा तुमची आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या बाया असाव्यात, असं शिक्षण हक्क कायद्यातच आहे. गावच्या शाळेची समिती बसेल तेव्हा नाव द्या. चौथी शिकलेल्या बाईनं तिथं काय बोलायचं, असं मनात आणू नका. शिक्षकाची जागा रिकामी आहे, हँडपंप बंद आहे, पोषण आहारात डाळ पातळ आहे, हे बोलायला पदवी लागत नाही.

आता लाईन. आठवीत ती ठरवू नका. दहावीनंतर आयटीआय आहे, तीन वर्षांची पॉलिटेक्निकची पदविका आहे, अकरावी सायन्स आहे, कॉमर्स आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे कृषीचे अभ्यासक्रम आहेत. पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो, म्हणजे दहावीला फार मार्क नसले तरी रस्ता बंद होत नाही. फिटर व्हायचं असो, ओव्हरसियर की सहायक कृषी अधिकारी, शेकडेवारी आणि अपूर्णांक सगळीकडे लागतात. म्हणून आज लाईनपेक्षा भागाकार महत्त्वाचा आहे. दरम्यान त्याचा ओढा कुठं आहे, ते बघत राहा. मोटार बिघडली की तो मेकॅनिकच्या बाजूला उभा राहतो का, बैल आजारी पडला की डॉक्टरांना प्रश्न विचारतो का, हिशेबाच्या वहीत रमतो का. दिसेल ते एखाद्या वहीत लिहून ठेवा, मुलगी लिहील. दोन्ही मुलांचं वेगवेगळ्या पानांवर.

दिवाळीच्या आधी त्याची पहिल्या सत्राची परीक्षा होईल. गणिताचा पेपर तपासून घरी आला की त्याचा फोटो मला पाठवा. मार्क किती पडले, ते सांगितलं नाही तरी चालेल. गणित कोणत्या पायरीवर चुकलं, ते मला बघायचं आहे, मग वेचणीच्या दिवसांत रोज कोणती पाच उदाहरणं सोडवायची ते लिहून कळवते. सोबत वेचणीबद्दल घरात काय ठरलं, तेही लिहा.